दरीकडं पाय करून बसू नये

“पाय इकडं घ्या ताई. दरीकडं पाय करून बसू नये.”

भाद्रपदाचे पहिले दिवस होते. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांवरच्या पठारावर, कड्याच्या काठाशी एका सपाट दगडावर मी पाय खाली सोडून बसले होते. मधूनच भुरभुर येत होती, मधूनच पाठीवर ऊन. समोरची दरी ढगानं अर्धी भरलेली आणि त्या ढगाच्या आतून कुठूनतरी पाण्याचा आवाज. वळून पाहिलं तर डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेले एक म्हातारे गुराखी, मागं चार-पाच गाई. मी पाय वर घेतले आणि म्हणाले, “दगड पक्का आहे मामा, पडत नाही.” ते म्हणाले, “पडायचं न्हाई म्हणत मी.” आणि गाईंना हाक घालत पुढं निघून गेले.

पडायचं नाही, तर मग काय? पुढं किती तरी दिवस हे डोक्यातून जाईना. पाय कुणाकडं करू नयेत, हे आपल्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. देवाकडं करू नयेत, थोरामोठ्यांकडं करू नयेत, ताटाकडं, वहीपुस्तकाकडं, खळ्यातल्या राशीकडं करू नयेत. या यादीत दरी कुठं बसते? तिथं शेंदूर फासलेला दगड नव्हता, झेंडा नव्हता, घंटा नव्हती. नुसती मोकळी पोकळी. आणि तरीही ते बोलले तेव्हा मला नवल वाटलं नाही. तासभर माझ्या अंगावर जो काटा येत-जात होता, त्याची त्यांना जुनी ओळख असावी, असं वाटलं. परतताना ते पुन्हा भेटले, तेव्हा आपणहून म्हणाले, “आमची एक गाय गेली ह्याच काठावरून. तवापासून पोळ्याला हितं नारळ फोडतो.” गाईसाठी की दरीसाठी, हे मी विचारलं नाही. त्यांच्या लेखी ते दोन प्रश्न असतील, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

कन्नडकडून इकडं येताना पुढं काय आहे याचा पत्ता लागत नाही. मका, कपाशी, अद्रकाचे वाफे, मध्येच एखादी बाभळ, बांधावर वाळत घातलेली धुणी. जमीन थोडी चढते, थोडी उतरते, पण डोळ्यांना सपाटच वाटते. मग गौताळ्याचं जंगल सुरू होतं, साग, खैर, सालई, अंजन. जंगलातही आपण सपाटीवरच असतो. आणि मग एका पावलाला जमीन संपते. कसलीही पूर्वसूचना नाही. सह्याद्रीतल्या माणसाला गड दुरून दिसतो, त्याच्याकडं बघत बघत तो दिवसभर चालतो, मनाची तयारी होते. आमच्याकडं मोठं म्हणावं असं जे काही आहे ते पायाखाली दडलेलं असतं. तुम्ही ज्या जमिनीवर इतका वेळ निर्धास्त चालत होता, तिच्यातच ते होतं, हे काठावर उभं राहिल्यावर कळतं आणि पोटात खड्डा पडतो.

मला या धक्क्याचं फार मोल वाटतं.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला आपल्या मुलखाबद्दल एक प्रकारचा संकोच शिकवलेला असतो. इथं काय आहे बघायला? ऊन, काळी माती, हायवेचे धाबे. पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायचा, दौलताबाद दाखवायचा, आणि उरलेल्या मुलखाबद्दल दुष्काळाच्या बातम्या वाचायच्या. पण बालाघाटाच्या अंगाखांद्यावर फिरलेल्या कुणालाही विचारा. पाटोद्याकडचा सौताडा घ्या, सपाट माळावरून विंचरणा नदी एकदम खाली कोसळते आणि रामेश्वराचं देऊळ त्या खोल दरीच्या तळाशी. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार घ्या, मन्मथस्वामींची समाधी डोंगराच्या कुशीत, धबधब्याशेजारी, आणि कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून चालत येणारी माणसं शेवटी उतारच उतरतात. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी दरीत आहे. अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीनं कोरलेल्या नालाच्या आकाराच्या घळीत आहेत, आणि १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली तीही समोरच्या काठावरून खाली बघताना. माहूरची रेणुका आणि म्हैसमाळची गिरजा उंचावर आहेत, हे खरं. पण आमच्याकडं दर्शनासाठी जितकं चढावं लागतं, त्याहून जास्त उतरावं लागतं, असं मला फिरताना सतत वाटत आलं आहे.

आणि उतरणं ही चढण्याहून वेगळी गोष्ट आहे. चढताना माणूस काहीतरी मिळवत असतो. दम लागतो, घाम येतो, आणि शिखरावर पोचल्यावर सगळं जग खाली दिसतं, त्यात थोडी का होईना फुशारकी असतेच. उतरताना आकाश लहान होत जातं. आजूबाजूचे कडे वर सरकतात, मोबाइलची रेंज जाते, वारा थांबतो, गारवा वाढतो. आपण क्रमाक्रमानं लहान होत जातो आणि तळाशी पोचतो तेव्हा आपल्या अंगात मोठेपणाचा कणही उरलेला नसतो. गुडघे मात्र लटपटत असतात.

हे मी पहिल्यांदा सौताड्याला अनुभवलं, आज्जीचं बोट धरून. श्रावणातला सोमवार, पायऱ्यांवर ही गर्दी, ओल्या लुगड्यांचा आणि बेलपानांचा आणि भिजलेल्या मातीचा वास. मी सारखी धबधब्याकडं बघत होते आणि आज्जी सारखी म्हणत होती, “पोरी, पायरी बघ.” खाली पोचल्यावर तिनं आधी देवळाकडं पाहिलंच नाही. पाणी जिथं कोसळतं त्या बाजूला तोंड करून उभी राहिली, तुषार तोंडावर घेतले, हात जोडले, पुटपुटली, आणि मग पदरानं तोंड पुसून देवळात गेली. आत रामेश्वर होता, त्याला पाणी घातलं, बेल वाहिला. पण तिच्या चेहऱ्यावर जे बाहेर पाहिलं होतं ते आत दिसलं नाही. बाहेर ती क्षणभर माझी आज्जी राहिली नव्हती. मला भीती वाटली होती, आणि मी तिचा पदर गच्च धरला होता.

हीच आज्जी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. त्या वर्षाबद्दल ती फार बोलायची नाही. कधी बोललीच तर कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीबद्दल, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीबद्दल, आणि दगडाबद्दल. दगड कुठून फुटतो हे बघितल्यावर कळायचं म्हणे. “त्याच्या अंगावर रेघ असती. रेघ सापडली की हलक्या हातानं बी फुटतो. न्हाई सापडली तर घण मोडंल पण दगड न्हाई.” तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं झालं होतं. लहानपणी मी त्या नखावरून बोट फिरवत झोपायची.

पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना मला ते नख आठवत होतं. कारण दगड तोच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला, आणि भाकरींची चवड लावावी तसे थरावर थर बसत जाऊन हे सगळं दख्खनचं पठार झालं. समोरच्या कड्यावर ते थर उघड दिसतात. काळा पाषाण, मग काही ठिकाणी विटकरी लाल पट्टा, पुन्हा काळा पाषाण. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळातली जमीन, वरून आलेल्या नव्या लाव्ह्यानं भाजून निघालेली. म्हणजे मधल्या काळात तिथं ऊन पडलं असेल, पाऊस झाला असेल, दगड झिजून माती झाली असेल, आणि मग पुन्हा सगळ्यावर आग. मी त्या पट्ट्याला हात लावला. ओलसर होता, बोटाला तांबूस रंग लागला. माणूस नावाची गोष्ट पृथ्वीवर नव्हती तेव्हाचा तो रंग माझ्या बोटाला लागला आणि मला तिथंच पायरीवर बसावं लागलं.

देव आहे की नाही या वादात मी पडत नाही. मी देवपूजा करणारी बाई नाही, घरात देव्हारा आहे तो आईचा आहे. पण त्या पायरीवर बसून मला जे झालं त्याला केवळ सौंदर्य बघून झालेला आनंद म्हणता येणार नाही. आनंदात असा धाक नसतो. आपण इथं नसलो तरी या दगडाचं काहीही अडलं नसतं, हे इतकं स्वच्छ कळणं, आणि त्याच वेळी आपण इथं आहोत, आत्ता, या ओल्या दगडाला टेकून, याबद्दल ऊर भरून येणं. दोन्ही एकदम. त्यातलं एक काढलं तर दुसरं उरत नाही. म्हाताऱ्या गुराख्यानं दरीकडं पाय करू नका म्हटलं त्यात गाय पडल्याची भीती किती आणि नमस्कार किती, हे वेगळं करायला गेलं की म्हणूनच हाती काही लागत नाही.

खाली बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीची, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. इथला दगड जागोजाग ठिसूळ, दर्शनी भाग बऱ्याच ठिकाणी कोसळून दरीत गेलेला, त्यामुळं विहार उघडे पडलेत आणि आत थेट ऊन-पाऊस येतो. खालच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, ओळीनं उभी, त्यांच्या अंगावर शेवाळ. इथं सापडलेला ठेंगणा, ढेरपोट्या, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की कण्हदास नावाच्या सोनारानं तो घडवला. सोनारानं! नाजूक दागिने करणारा हात या घळीत उतरून काळ्या पाषाणाशी का झगडला असेल? पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्याच्या घराण्याचं दान इथल्या लेखात आहे, मगिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबाचं आहे. पैठण इथून कितीतरी मुक्कामांवर. अत्तरं विकणाऱ्या माणसाला आपला पैसा बाजारपेठेतल्या एखाद्या देखण्या जागी लावता आला असता. त्यानं तो अशा घळीत लावला, जी काठावर येईपर्यंत दिसतही नाही.

आणि भिक्षू इथं राहायचे ते मुख्यतः पावसाळ्यात. वर्षावासात हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम. म्हणजे घळ जेव्हा सर्वांत जास्त गाजते, दगड पाझरतो, आणि समोर पाण्याचा पडदा असतो, नेमके तेच महिने. आपण शांततेत ध्यान लागतं असं समजतो. मी एका विहारात, भिंतीशी, वटवाघळांच्या उग्र वासात बसून पाहिलं. तिथं शांतता नावालाही नव्हती. पाण्याचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येत होता, विहाराच्या छतात घुमत होता, छातीच्या पिंजऱ्यात जाणवत होता. सुरुवातीला त्याचा त्रास झाला. मग कधीतरी डोक्यातलं बोलणं थांबलं. त्या गाजेपुढं त्याला जागाच उरली नाही. उद्याचे पेपर तपासायचे होते, घरात एक भांडण अर्धवट सोडून आले होते, ते सगळं होतं तिथंच होतं, फक्त त्याचा आवाज येत नव्हता. मला वाटतं, ही जागा निवडणाऱ्यांनी आधी डोळे मिटून ती ऐकली असणार.

वरच्या पठारावर मामांना मी म्हणाले होते, केवढं पाणी आहे तुमच्याकडं. ते काहीसे खिन्न हसले. “पाणी आमच्या रानातलं, पण जातं खाली खानदेशात. आम्ही नुसतं वाजताना ऐकतो.” त्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो.

हे ऐकल्यावर पुढचा तासभर मला नीट काही बघता आलं नाही. ही डोंगररांग म्हणजे पाणलोटाची कड आहे. अलीकडं पडलेला थेंब शिवनेतून गोदावरीत जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. पलीकडं पडलेला गिरणेतून तापीत, सुरतेहून अरबी समुद्रात. हे शाळेत शिकवायला मला फार आवडतं, मुलांचे डोळे मोठे होतात. पण ज्याच्या डोक्यावर तो थेंब पडला त्याला दोन्ही समुद्रांचा उपयोग नाही. मी मोटारीनं येऊन, बाटलीबंद पाणी पिऊन, त्या कोसळत्या पाण्यापुढं नतमस्तक होते, आणि ते पाणी ज्याचं आहे तो वैशाखात हंडा घेऊन रांगेत उभा असतो. मग माझ्या त्या काट्याला, त्या ऊर भरून येण्याला काय अर्थ? या प्रश्नानं मला अजूनही स्वस्थता दिलेली नाही. पण एक गोष्ट त्या खिन्न हसण्याच्या शेजारी ठेवाविशी वाटते. नारळ फोडणारेही तेच आहेत. तहान लागलेल्या माणसाचीच पाण्यापुढं सर्वांत खरी मान झुकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा टीव्हीवर ती वाघिणींची लांबलचक रांग दिसताच माझ्या लातूरच्या मावशीनं बसल्या जागेवरून हात जोडले होते. आज्जीनं सौताड्याला जोडले होते तसेच. आमच्या मुलखात विस्मय कधी पोट भरलेला नव्हता.

म्हणून मुद्दाम एकदा उन्हाळ्यात गेले. चैत्र संपत आलेला. धबधब्याच्या जागी दगडावर पांढुरके ओघळ, खालच्या कुंडात गुडघाभर हिरवं पाणी आणि त्यावर मधमाश्या. सालईची साल कागदासारखी सुटून आलेली, जवळ गेलं की राळेचा गोडसर वास. अंजनाला मात्र कोवळी तांबूस पालवी. एवढ्या कोरड्यात त्याला ओल कुठून मिळते कोण जाणे. पाण्याचा पडदा नसल्यानं कडा पहिल्यांदाच पुरता दिसला, आणि तो पावसाळ्यात वाटला होता त्याहून कितीतरी मोठा होता. आवाज नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास वारा पडला तेव्हा तर काहीच नव्हतं, पान हलत नव्हतं, आणि मला तिथून उठून पळावंसं वाटलं. पावसाळ्यात दरी आपल्याला काहीतरी देते असं वाटतं. उन्हाळ्यात ती काहीही देत नाही, फक्त असते. त्या दिवशी मी तिथं फार वेळ थांबू शकले नाही, पण खरं दर्शन कधी झालं असं कुणी विचारलं तर मी ती दुपार सांगेन.

काठावरून खाली खानदेशाची सपाटी दिसते, तिथं पाटणादेवीचं देऊळ आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढल्याचा शिलालेख आहे. शून्यानं भागलं तर काय होतं याचा विचार करणाऱ्या माणसाचे ग्रंथ या कड्याच्या पायथ्याशी शिकवले जात होते, हे मला वर्गात सांगता येईल तेवढं सांगते. मुलांना काठावर नेणं मात्र राहिलंय. पालकांच्या सह्या, गाडी, जंगल खात्याची परवानगी, सगळं जमवायला हवं. धबधब्याखाली स्पीकर लावून नाचणारी टोळकी बघितली की वाटतं, या पोरांना कुणी वेळेवर हाताला धरून खाली उतरवलंच नाही. पायरी बघ म्हणणारं कुणी भेटलं नाही.

यंदा श्रावणात आईला सौताड्याला न्यायचं आहे. आज्जी गेल्यापासून ती तिकडं गेलेली नाही. तिच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलंय, डॉक्टरांनी जिना कमी करा म्हटलंय. मी म्हणाले, आपण वरच्या काठावर खुर्ची टाकू, तिथून धबधबाही दिसतो आणि देवळाचा कळसही. तिनं शेंगा निवडता निवडता मान वर केली. “वरून बघून माघारी यायचं असेल तर मला घरीच राहू दे. बसत बसत उतरीन. तुझी आज्जी सत्तरीत उतरली होती.” सोमवारी पायऱ्यांवर चेंगराचेंगरी असते, म्हणून मंगळवार धरलाय. भावाला रजा टाकायला सांगितलीये, वर येताना दोघांनी मिळून तिला धरावं लागेल.